दोन विटांवरचा डबा

माझ्या खोलीत टेबलाच्या बाजूला दोन विटा ठेवल्यात, त्या विटांवर एक काळा डबा उभा आहे आणि त्या डब्याच्या एका अंगाचा पत्रा कापून तिथे कूलरला लावतात तसली जाळी बसवलेली आहे. घरी नवीन माणूस आला की हमखास विचारतो, हे काय, स्टॅबिलायझर का? मी म्हणतो गेमिंग पीसी आहे. मग तो आधी डब्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि गुपचूप चहा पितो.

फैजपूरजवळ आमचं गाव, घरची केळी, मी जळगावला नोकरीला, पण आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम असतं म्हणून गावीच जास्त असतो. डबा भाच्यासाठी घेतलाय, निदान घरात सगळ्यांना मी असंच सांगितलंय. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी येते, आमच्याकडे तो रिवाजच आहे, आणि २०२३ च्या अखाजीला भाचा दोन दिवस आंबे खाऊन, तिसऱ्या दिवशी झोक्याला कंटाळून माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपजवळ येऊन बसला आणि म्हणाला, मामा, याच्यावर गेम का नाही चालत? मी म्हटलं हा कामाचा आहे. तो म्हणाला, मग बिनकामाचा कुठे आहे? याला उत्तर नव्हतं. मला स्वतःलाही कॉलेजनंतर गेम खेळायला मिळालं नव्हतं ते सोडा, तो विषय वेगळा.

दिवाळीच्या आसपास जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चकरा मारल्या. नवीन गेमिंग पीसी म्हणजे पन्नास हजारांच्या खाली कोणी बोलेना, आणि पन्नास हजार म्हटल्यावर नाना, म्हणजे आमचे वडील, लगेच त्याचे केळीच्या किती घडांत किती होतात ते सांगणार. मग एका दुकानदाराने मागच्या खोलीतून तो डबा काढला. मोठ्या शहरांतल्या ऑफिसांमधून, बँकांमधून चार-पाच वर्षं वापरून झाले की हे लॉटने बाहेर पडतात आणि फिरत फिरत आपल्याकडे येतात. इंटेलचा आय-फाइव्ह ६५०० प्रोसेसर, आठ जीबी रॅमची एक काडी, ५०० जीबीची हार्ड डिस्क, नऊ हजार. "भो, ऑफिसात कोणी याच्यावर एक्सेलच्या पुढे काही केलंच नाही, एकदम सासरी न नांदलेली मशीन आहे," असं तो म्हणाला. उपमा मला आवडली नाही पण डबा आवडला. साडेनऊ सेंटिमीटर जाडी, टेबलाखाली कुठेही मावतो, आतला पत्रा जाड, स्क्रू न काढता उघडतो.

तर असा छोटा डबा स्वस्तात मिळतो आणि आपल्याला वाटतं आता यात एक ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं काढणारा वेगळा भाग, टाकलं की झालं. इथेच माणूस फसतो. डब्याला तीन भिंती असतात आणि त्या विकत घेताना दिसत नाहीत. एक, उंची. नेहमीचं कार्ड यात उभंच राहत नाही, अर्ध्या उंचीचं, ज्याला लो प्रोफाइल म्हणतात तेच लागतं. दोन, पॉवर सप्लाय. माझ्यात १८० वॅटचा आहे आणि त्याचा आकारही वेगळा, प्लगही कंपनीने स्वतःच्या मनाने केलेला, म्हणजे बाजारातला साडेचारशे वॅटचा आणून बसवू म्हटलं तर जागाही नाही आणि पिनही जुळत नाही. तिसरी भिंत हवेची, ती मला मे महिन्यात कळली, तिचं पुढे सांगतो.

वॅटचा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर केला होता, अजून आहे तो. प्रोसेसर ६५, कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतूनच जास्तीत जास्त ७५ मिळणार, वेगळी वायर नाहीच, म्हणजे १४०, मग डिस्क, पंखे, रॅम, बोर्ड यांना अंदाजे २५ धरले. १६५. उरले १५. एका एलईडी बल्बाएवढी शिल्लक. नाना मागून वाकून बघत होते, म्हणाले, "एवढ्याशा डब्ब्याले किती हिशोब करशीन रे, याच्यापेक्षा तं विहिरीची मोटर सोपी."

पहिली खरेदी मात्र डोळे झाकून केली आणि तिथे चूक होऊच शकत नाही. हार्ड डिस्क काढून ५०० जीबीचा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. आधी चालू केल्यावर विंडोज येईपर्यंत मी अंगणात जाऊन गाईला चारा टाकून यायचो, नंतर खुर्ची ओढून बसेपर्यंत स्क्रीन हजर. गेमचे फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, त्याने वाढत नाहीत हे खरं, पण मशीनविषयी जो राग असतो तो निम्मा जातो. आणि दुसरी रॅमची काडी, आठची, पहिलीच्याच स्पीडची. एकच सोळाची घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात कारण दोन खाचांतून प्रोसेसर एकाच वेळी दोन्ही बाजूंनी डेटा ओढतो, ड्युअल चॅनेल म्हणतात ते, आणि खेळताना जे मधेच अडखळतं ते त्याने कमी होतं. तेव्हा सोळाशेला मिळाली. हा आकडा लक्षात ठेवा.

आता कार्ड. यावर मी दोन महिने घालवले, आणि खरं सांगू, ते दोन महिने खेळण्यापेक्षा जास्त मजेचे होते. रात्री जेवण झालं की अंगणात खाटेवर पडून मोबाइलवर जुन्या कार्डांचे भाव बघायचे, त्यात कोणत्या कार्डाला किती वॅट, कोणाला वरून पिन लागते, कोणाची उंची किती. आई म्हणायची याचं लग्न जमवतानाही याने एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या.

मधेच माझ्या मित्राने ऑनलाइन कुठून तरी जीटीएक्स १०५० टीआय मागवलं, साडेतीन हजारांत, नवीन, खोक्यात. त्या भावात ते मिळणं म्हणजे गावात कोणी सोन्याची अंगठी पितळेच्या भावात देणं. मशीनला लावल्यावर नावही बरोबर दाखवत होतं, पण गेम उघडला की काळी स्क्रीन. मी त्याला जीपीयू-झेड टाकायला लावलं, फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्याने नावाच्या आधी कंसात सरळ फेक लिहून दाखवलं. आत दहा-बारा वर्षं जुनी चिप, तिच्या बायोसमध्ये, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, खाडाखोड करून नवीन नाव घातलेलं. विकणाऱ्याचा फोन अर्थातच बंद. त्यामुळे जुनं कार्ड घेताना समोरच्याला आधी जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट मागायचा आणि जमलं तर व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगायचं हे तेव्हापासून ठरलं.

माझ्यापुढे शेवटी दोनच राहिले. एएमडीचं आरएक्स ६४०० आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०. ६४०० हे २०२२ चं, नवीन, फक्त ५३ वॅट खाणारं, अर्ध्या उंचीत सहज मिळणारं, आणि माझ्या पंधरा वॅटच्या शिल्लकीला बघता ते देवाने पाठवल्यासारखंच वाटत होतं. पण वाचता वाचता एक गोष्ट कळली. ते मदरबोर्डशी फक्त चार लेनने, म्हणजे डेटाच्या चार वाटांनी, बोलतं. चौथ्या पिढीच्या खाचेत त्या चार लेन पुरतात, कारण त्या वेगवान असतात, माझ्या बोर्डाची खाच तिसऱ्या पिढीची, म्हणजे तिथे त्याच लेनचा वेग निम्मा. आणि कार्डावरची मेमरी चारच जीबी, ती भरली की कार्ड रॅमकडे हात पसरतं, आणि तेव्हा नेमका तो अरुंद रस्ता आडवा येतो.

हे मी नानांना समजावून सांगायला गेलो, का गेलो माहीत नाही, पण गेलो. ते ऐकून म्हणाले, "म्हंजे मोटर नवी, पण लॅटरल चारच, अन प्रेशरबी अर्धं. मंग शेवटच्या झाडाले पाणी कसं जाईन?" आमच्या भागात ठिबक, म्हणजे लॅटरल नावाच्या नळ्यांनी झाडाला थेंब थेंब पाणी, सगळ्यांच्या हाडात भिनलेलं आहे, त्यामुळे त्यांनी जे एका वाक्यात सांगितलं ते मला वाचायला तीन रात्री लागल्या होत्या. शिवाय ६४०० मध्ये व्हिडिओ रेकॉर्ड करायचा एनकोडरच नाही, आणि भाच्याला खेळतानाचं रेकॉर्डिंग करून मित्रांना पाठवायचं होतं. म्हणून १६५०. २०१९ चं, ७५ वॅट, सोळा लेन.

त्यातही सापळा आहे. बाजारातल्या बऱ्याचशा १६५० ना वरून सहा पिनची वायर लागते, ती माझ्या डब्यात नाही. पिन नसलेलं आणि अर्ध्या उंचीचं, दोन्ही एकत्र, असं शोधायला दिवस लागतात. शेवटी पुण्यात एकाकडे मिळालं, साडेआठ हजार, त्याने रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून पार्सल पाठवलं आणि मी सकाळी सहाला फैजपूरच्या स्टॉपवर केळीवाल्या मजुरांबरोबर थंडीत उभा. खोकं उघडलं तर कार्ड अर्ध्या उंचीचं पण मागची लोखंडी पट्टी पूर्ण उंचीची. छोटी पट्टी त्याच्याकडून हरवली होती, तो सांगायचं विसरला होता. मग पट्टीच काढून टाकली, कार्ड बिनपट्टीचं खाचेत बसवलं आणि हलू नये म्हणून केबल टायने बांधलं. अजून तसंच आहे. एचडीएमआयची वायर लावताना एका हाताने कार्ड धरावं लागतं एवढंच.

चालला. जीटीए फाइव्ह फुल एचडीवर साठ फ्रेमच्या आसपास, व्हॅलोरंट तर शंभराच्या वर. पहिल्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा होतो. भाच्यासाठी टेस्टिंग चाललंय म्हटलं.

आणि मग मे आला.

जे इथले नाहीत त्यांना सांगतो, जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री हे नेहमीचं आहे, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंही नसतं, पंखा लावला की तो गरम हवाच फिरवतो. गच्चीवर आईच्या बिबड्या एका दुपारात कडक वाळतात. अशा दुपारी तीन वाजता भाचा गेम खेळत होता आणि डबा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायला लागला, वीस मिनिटांत गेम अडकून अडकून चालायला लागला. आकडे बघितले, प्रोसेसर ९२ डिग्री, कार्ड ८६. डिसेंबरात हेच आकडे साठ-सत्तरच्या घरात होते. मशीनमध्ये काही बिघडलं नव्हतं, खोलीच वीस डिग्रीने तापली होती आणि खोली जेवढी तापते जवळपास तेवढंच आतलंही तापतं. इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओवाले एसीत बसून सांगतात हे कार्ड ७० वर राहतं म्हणून. त्यांच्या आकड्यात आपण आपला मे महिना स्वतःच्या हाताने मिळवायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खानदेशात बजेट कार्डापासून सुरू करूच नये असं माझं आता मत झालंय. आधी हवा, मग कार्ड.

नाना दुपारची झोप मोडली म्हणून वैतागून आले. "कायले एवढा बोंबलून राह्यला तो?" मी म्हटलं तापतोय, बहुतेक कार्ड बदलावं लागेल, किंवा मोठा डबा. ते म्हणाले, "फिल्टर धुतलं का?" मी म्हटलं नाना, हे ठिबक नाही. "हाव, पण धुतलं का? आधी फिल्टर धू, मंग मोटरीले नावं ठेव."

डबा उघडला. प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळ्या मातीची धूळ आणि त्यावर कपाशीचे तंतू अडकून एक गोधडीच तयार झाली होती. जवळच जिनिंग आहे, हिवाळाभर रुई उडते, ती जाते कुठे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सायकलच्या पंपाने हवा मारली, मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर ती भन्नाट फिरतात आणि बेअरिंग जातं. मग हीटसिंक उचललं तर खालची थर्मल पेस्ट, जी प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेते ती, वाळलेल्या चुन्यासारखी, नखाने खरवडली तर भुकटी. फॅक्टरीतून निघाल्यापासून कोणी बदललीच नसावी. दोनशेची नवीन ट्यूब, वाटाण्याएवढा थेंब. त्याच दुपारच्या गरमीत प्रोसेसर ९२ वरून ७९ वर आला. दोनशे रुपये आणि एक जुना बनियन. नानांनी काही म्हटलं नाही, फक्त जाताना मिशीतून हसले, ते मला जास्त लागलं.

कार्ड मात्र ८५ च्या खाली येईना. कारण त्याचा पंखा बाजूच्या पत्र्यापासून दोन बोटांवर, त्याला नवीन हवाच मिळत नव्हती, स्वतःचीच गरम हवा परत परत ओढत होता. झाकण काढून ठेवलं तर ७७. पण झाकण काढून ठेवायचं तर पाली आहेत, आणि आमच्या घरातल्या पालींना उबदार जागा फार आवडते. मग झाकण उचललं आणि फैजपूरच्या रस्त्यावर ग्रिल-वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने विचारलं कशाचं आहे, मी सांगितलं, त्याने कटरने कार्डाच्या पंख्यासमोर चौकोन कापला, कडा घासून बोथट केल्या आणि कूलरची जाळी रिबेट मारून बसवली. दीडशे घेतले. नंतर म्हणाला खालूनबी हवा लागते, विटांवर ठेवा. विटांचं श्रेय त्याचं.

शेवटचा उपाय तर फुकट होता. माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, सेकंदाला साठच चित्रं दाखवतो, आणि व्हॅलोरंटमध्ये कार्ड सेकंदाला एकशे चाळीस काढत बसलेलं. म्हणजे साठ पोळ्या खाणाऱ्या पंगतीसाठी एकशे चाळीस लाटायच्या आणि चुलीला शिव्या द्यायच्या. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये जाऊन जास्तीत जास्त फ्रेम रेट साठ केला. जाळी, विटा आणि हे मिळून भर दुपारी कार्ड ७४ वर थांबलं, आणि गिरणीही बंद. एक सांगायचं राहिलं, कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवायचा मोह होतो, मी एक दिवस ठेवलाही, संध्याकाळी डब्यावर पांढरी क्षाराची रांगोळी. आमचं बोअरचं पाणी जड आहे. तेच आत बोर्डावर बसलं असतं.

भाच्याने मात्र याहून सोपा उपाय काढला. शाळेसाठी ज्याला तीन हाका माराव्या लागतात तो पोरगा गच्चीवरून पहाटे पाचला आपण होऊन उठून खाली यायचा आणि थंड खोलीत साडेसातपर्यंत खेळायचा. ताईला वाटलं अभ्यासाला उठतोय. मी काही बोललो नाही.

त्यानंतर प्रोसेसरचं भूत डोक्यात बसलं. जीटीएमध्ये गाडी जोरात चालवली की चित्र मधेच अडखळायचं. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर प्रोसेसर शंभर टक्के, कार्ड साठच्या आसपास, म्हणजे कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. ६५०० ला चार कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं हातात. त्याच सॉकेटमध्ये आय-सेव्हन ६७०० बसतो, त्याला आठ थ्रेड, वॅट तेवढेच ६५. वापरलेला, अठ्ठेचाळीसशे. पैसे खिशात घेऊन मी दुकानापर्यंत गेलो होतो. पण विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तोवर जाहीर होतं. नऊ हजारांच्या डब्यात अजून पाच टाकायचे, तेही अशा बोर्डावर ज्याला पुढे रस्ताच नाही? तेवढ्यात थोडी भर घालून आठव्या पिढीचा आय-फाइव्ह ८५०० वाला अख्खा डबा येतो, त्यात सहा कोअर असतात, आणि माझं कार्ड, माझा एसएसडी उचलून त्यात टाकता येतो. तेव्हा परत आलो. आणि जीटीएच्या सेटिंगमध्ये लोकसंख्येची घनता म्हणून एक पट्टी असते ती निम्म्यावर आणली. रस्त्यावरची माणसं-गाड्या कमी झाल्या आणि अडखळणंही बरंच गेलं. लॉस सँटोसचं, म्हणजे गेममधल्या शहराचं, दुपारचं फैजपूर झालं एवढंच.

आता तो ८५०० वाला डबा बघायला गेलो तर दुसरीच गंमत. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की मी सोळाशेला घेतलेल्या त्याच काडीचा भाव दुकानदाराने तिपटीच्या जवळ सांगितला. जगभर एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी लागतेय आणि कारखाने तिकडेच वळलेत, त्याचा चटका इथे गोलाणीत बसतोय. मी म्हटलं भो, काही कमी करा. तो म्हणाला, "कमी पाहिजे तं सराफ बाजारात विचारा, तिकडे तरी मजुरी सोडतात." सध्या डबा आहे तसाच आहे. माझ्या जुन्या दोन काड्यांकडे मी आता जरा आदराने बघतो.

इन्व्हर्टरचं मात्र सांगायलाच पाहिजे. लाइट गेली की पंखे चालू राहायचे पण पीसी बंद पडायचा, भाचा रडकुंडीला. शोधलं तर कळलं, घरच्या इन्व्हर्टरला मागे एक स्विच असतो, साध्या मोडवर असला की लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला जरा वेळ घेतो, यूपीएस मोडवर टाकला की पीसीला कळतही नाही. टाकला. एकदम मस्त चाललं, मी स्वतःवर खूश. तिसऱ्या दिवशी रात्री एकला खरी लाइट गेली आणि पाच मिनिटांत घरातले सगळे पंखे बंद, बॅटरी संपली. झालं असं की यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर जरा नाजूक होतो, व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की लाइट असतानाही बॅटरीवर उडी मारतो. आणि संध्याकाळी सगळीकडच्या मोटरी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज किती असतं हे कोणाला सांगायला नको. म्हणजे तीन दिवस रोज संध्याकाळी लाइट असताना आम्ही बॅटरी खात होतो. मेच्या रात्री एक वाजता नाना, आई, ताई, भाऊजी, भाचा, सगळे उठून बसलेले, आणि मी टॉर्च लावून इन्व्हर्टरच्या मागे.

दुसऱ्या दिवशी पीसीसाठी वेगळा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस आणला, दहा-बारा मिनिटं देतो, गेम सेव्ह करून बंद करायला भरपूर झाली. इन्व्हर्टरचा स्विच नानांनी स्वतः परत साध्या मोडवर केला आणि त्यावर मोटरीच्या वायरींना लावतात ती काळी टेप चार वेढे मारून चिकटवली. ती टेप अजून तिथे आहे. मागच्या दिवाळीत इन्व्हर्टर पुसताना मी तिच्या भोवतीनेच फडकं फिरवलं.